खैरदऱ्याची जहाजं

धरणाच्या कडेला पीयूषनं एक बोर्ड लावला. निळा, दोन पुरुष उंचीचा. त्यावर लिवलेलं, 'दोन हजार वर्षांचा जलमार्ग वारसा.' खाली शिडाच्या जहाजाचं चित्र, आणि जहाजावर पगडी घातलेला एक माणूस कपाळावर हात धरून लांब बघतोय. कशाकडं बघतोय, तर समोरच्या वाडीच्या सार्वजनिक संडासाकडं.

आता हे तळं किती वर्षांचं, ते मी सांगतो. मला मिसरूड फुटलं तवा या धरणाची भिंत वर येत व्हती. पहिल्यांदा पाणी तुंबलं तवा माझं लगीन ठरलेलं, आणि मांडव कुठं घालायचा यावरनं घरात भांडणं चाललेली, कारण जुन्या खैरदऱ्यात आमच्या अंगणात गुडघाभर पाणी व्हतं. म्हणजे हे तळं आणि माझा संसार, दोघांचं वय एकच. माझ्या बायकोला कुणी दोन हजार वर्षांची म्हणलं तर ती लाटणं घेऊन मागं लागंल.

त्याच्या आधी नदी व्हती. चैतात तिच्यातनं कोंबडी पाय न भिजवता पलीकडं जायची. त्या नदीतनं म्हणे कल्याणहून घाट चढून आलेला माल जहाजात भरून जुन्नरच्या बाजाराला जायचा. मेंढरं पाण्यावर नेली तर आमाला डबकं शोधत फिरावं लागायचं, आणि ह्यांची जहाजं चालायची.

पीयूष म्हणजे रमणलाल शेठचा नातू. मूळचं मारवाडचं घराणं, पण चार पिढ्या इथं गेल्या, आता मराठी आमच्यापेक्षा साफ बोलतात. जुन्या खैरदऱ्यात त्यांचं किराणाचं दुकान आणि पिठाची गिरणी व्हती. धरण झालं तसे ते जुन्नरला गेले. पीयूष पुण्यात शिकला, परत आला, आणि त्याच्या डोक्यात वारसा शिरला. त्यानं 'पंचजलाशय वारसा मंडळ' काढलं. जुन्नर-आंबेगावात मिळून पाच धरणं, म्हणून पंच. त्या पाचात कितीजणांची चूल बुडाली, ते मात्र बोर्डावर न्हाई.

लेण्याद्रीला डोंगरात प्यायच्या पाण्याची टाकी खोदलेली हायेत, त्यांचाबी फोटो त्यानं बोर्डावर टाकला आणि खाली लिवलं, 'प्राचीन जलव्यवस्थापन व नौकानयन'. मी म्हणलं, "पीयूषभाऊ, त्या टाक्यात घागर बुडायची मारामार, तिथं नाव कशी चालंल?"

तो म्हणला, "काका, ते प्रतीकात्मक आहे."

शिकलेल्या माणसाला उत्तर सुचलं न्हाई की गोष्ट प्रतीकात्मक व्हती.

मी हौशीराम. पंचवीस वर्षं या पाण्यावर लाँच चालवतोय. पलीकडच्या वाड्यांची माणसं, बकऱ्या, सिमेंटच्या गोण्या, एकदा तर लग्नाचं अख्खं वऱ्हाड, सगळं मीच पार केलं. या साली दरवाजांच्या दुरुस्तीसाठी धरण खाली करायला घेतलं, आणि माझी लाँच म्हशीसारखी गाळात बसली. मला काम न्हाई. बिनकामाचा माणूस दुसऱ्याकडं बघून हसणार न्हाई तर काय करणार?

पाणी उतरायला लागल्यापासनं बानूवहिनीचा दर दोन दिवसांनी फोन. वहिनी म्हणजे माझा थोरला भाऊ भिमादादा, त्याची बायको. धरणात गेलेल्या जमिनीच्या बदल्यात त्यांना निमगाव सावाच्या अंगाला जमीन मिळाली, तवापासनं ती तिकडंच. दादा जाऊन चार वर्षं झाली.

"भावजी, पाणी कुठवर आलं?"

"भैरवनाथाच्या पायरीपर्यंत."

"अन् वढा?"

"वढा अजून पाण्यात हाय."

"उघडा पडला की लगेच सांगा. ह्या साली न्हाई जमलं तर पुन्हा कवा. गुडघं गेलं माझं, एका डोळ्यात पडदा आलाय. पोरीच्या जागंवर एकदा बसायचंय मला."

ही पोर म्हणजे वहिनीचं पहिलं लेकरू. अकरा महिन्यांची व्हऊन तापानं गेली. तान्हं मूल आमच्यात पुरतात, आणि आईला तिथं नेत न्हाईत. दादानंच वढ्याच्या काठी कुठंतरी पुरलं. मी तवा मेंढरं घेऊन आण्याच्या पठारावर व्हतो. परत आलो तवर सगळं उरकलेलं, आणि घरात त्यावर कुणी बोलायचं न्हाई असं ठरलेलं. पुढं दोन-तीन वर्षांत पाणी आलं. वढ्याचा तो भाग खोलात, त्यामुळं इतक्या उन्हाळ्यांत एकदाबी उघडा पडला न्हाई. वहिनीनं ती जागा कधी डोळ्यांनी बघितलीच न्हाई.

न बघितलेली जागा ती ओळखणार कशी, हे मी विचारलं न्हाई. मी कुणाला काही विचारतच न्हाई. मला सगळं माहीत असतं.

एका सकाळी पीयूष गाळ तुडवत माझ्याकडं आला. पोटाशी दोन्ही हातांनी एक दगड धरलेला, शर्टाचा चिखल झालेला. गोल दगड, मधे भोक, कडेला अजून एक बारकं भोक. जात्याची वरची तळी. गाव सोडताना जड म्हणून लोकांनी टाकून दिलेली. आंधळ्यानं हात लावला तरी सांगंल.

"काका, हे काय असेल? याला दोर बांधत असतील का?"

मी सरळ सांगायला पाहिजे व्हतं. पण बोर्डावरचा तो पगडीवाला माझ्या डोळ्यापुढं आला आणि मला हुक्की आली. "असतील काय, बांधायचेच," मी म्हणलं. "जहाज जागेवर थांबवायला दगडाचा नांगर. आमचा आजा सांगायचा."

आमचा आजा उभ्या जन्मात मेंढरांपलीकडं एक अक्षर बोलला न्हाई.

पीयूषचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, मी खोटं सांगत न्हाई. मी मिशीतल्या मिशीत हसलो आणि तेवढ्यात ठरवून टाकलं, याला पार तोंडावर पाडायचा. रविवारी त्यांचा जलवारसा महोत्सव व्हता. मोठमोठे पावणे येणार, मांडव, माइक, ड्रोन. तिथं सगळे नांगर मांडू देत. मग मी उठणार, माइक घेणार, खालवर दोन तळ्या ठेवून मूठभर जोंधळं दळून दाखवणार. अख्ख्या तालुक्यानं पोट धरून हसायला पाहिजे.

"असे अजून असतील का हो?"

"लई हायेत. मी गोळा करून देतो की."

त्यानं मला एक कोरी वही दिली, खडू दिला. "काका, एक विनंती आहे. उचलायच्या आधी प्रत्येक दगडावर नंबर टाका, आणि तो कुठून उचलला, जवळ काय होतं, किती पावलांवर, ते वहीत लिहा. जागा हरवली तर दगडाला काही अर्थ राहत नाही."

मी मान डोलावली. पोराची अक्कल बघा, म्हणलं. जात्याला नंबर.

ट्रॅक्टरला ट्रॉली लावून दोन दिवस मी सगळा गाळ पालथा घातला. गावठाणातनं, मळ्यातनं, वढ्याचा जेवढा काठ उघडा पडलेला तिथनं, दिसंल तो भोकाचा दगड उचलला आणि ट्रॉलीत आदळला. तेवीस भरले. नंबर टाकले ते मागनं, घरी आल्यावर, हाताला येईल तसे. एकाला तीन भोकं व्हती, मधलं एक आणि कडेला दोन, त्यातलं कडेचं एक फुटलेलं. पीयूषला म्हणलं, "हे मोठं जहाज असणार, दोन दोरांचं." त्यानं तेबी टिपून घेतलं. वही मी ओट्यावर चहा पीत पीत भरली. एक नंबर, देवळाच्या मागं, पंधरा पावलं. नऊ नंबर, पाटलाच्या विहिरीजवळ. मनाला येईल ते लिवलं. मला इतकी मजा कित्येक वर्षांत आली नव्हती.

शनिवारी वढा पार तळापर्यंत उघडा पडला. मी वहिनीला फोन केला आणि रविवारी पहिल्या एसटीनं निघून, पुढं वडापची जीप धरून ती आली. हातात कापडी पिशवी. मी म्हणलं, "वहिनी, आधी मांडवात चला. आज लई हसाल तुमी."

"मी हसायला न्हाई आले, भावजी," ती म्हणली आणि काठी टेकत सरळ खाली गाळात उतरली.

मी तिच्याबरोबर जायला पाहिजे व्हतं. पण खिशात जोंधळं व्हतं आणि माइक सुरू झालेला.

मांडवात लांब टेबलावर लाल कापड, त्यावर तेवीस दगड पाणी मारून लखलखीत केलेले, प्रत्येकाखाली छापलेलं कार्ड. कार्डावर जागा. मी चहा पिता पिता लिवलेली प्रत्येक जागा, छापून, चौकटीत. पीयूषनं भाषण केलं. सातवाहन झाले, नाणेघाट झाला, कल्याण झालं. लोक ड्रोनकडं बघत व्हते. मी मागच्या रांगेत योग्य वेळ यायची वाट बघत बसलो.

पुढच्या खुर्चीत रमणलाल शेठ. नव्वदीचे, कानानं ठार बहिरे, त्यामुळं बोलतात ते सगळं ओरडून. पीयूषनं एक दगड उचलून त्यांच्या मांडीशी नेला. "दादाजी, हात लावा. दोन हजार वर्षं जुना आहे."

म्हाताऱ्यानं हात फिरवला, भोकात बोट घातलं, आणि माइकबिइक काही न लागता अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं बोलला, "अरे, हे तर जातं आहे. यांच्यामुळं आपली गिरणी दोन वर्षं चालली नाही. बायका म्हणायच्या, शेठ, तुमचं पीठ गरम लागतं."

मांडव हसला. पुढची रांग हसली, मागची हसली, आचारीसुद्धा बाहेर येऊन हसून गेला. माझा हात खिशात जोंधळ्यावर तसाच. इतक्या दिवसांची माझी मेहनत त्या बहिऱ्या म्हाताऱ्यानं एका बोटात संपवली. निदान पीयूषचं तोंड तरी बघावं म्हणून मान उंच केली. कानापर्यंत लाल झालेला तो. मला वाटलं, आता रडतोय का पळतोय.

तो पळाला न्हाई. त्यानं माइक घेतला. "चूक माझी आहे," तो म्हणला. "मला नांगर पाहिजे होते, म्हणून मला नांगर दिसले. बोर्ड मी उतरवतो. पण ही जाती याच बुडालेल्या गावातल्या बायकांची आहेत. कुणाच्या दारातलं कुठलं, ते आपण शोधू शकतो, कारण हौशीराम काकांनी एकेकाची जागा पावलं मोजून लिहून ठेवली आहे. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला उठून हात जोडावे लागले.

टाळ्या संपतायत तोवर मांडवाच्या तोंडाशी वहिनी उभी. मांडीपर्यंत चिखल, पदर सुटलेला, काठी कुठंतरी राहिलेली. माणसांतनं वाट काढत ती माझ्यापाशी आली. "भावजी, न्हाई वो तिथं. सगळा वढा बघितला दोन्ही अंगांनी. एकबी दगड न्हाई."

"कसला दगड?"

"माझ्या जात्याची तळी. पोरीच्या वर ठेवली व्हती ह्यांनी, कोल्ह्याकुत्र्यानं उकरू नये म्हणून. मला सांगून ठेवलेलं, वढ्याच्या काठी जिथं तुझी तळी दिसंल तिथं ती हाय. झाडं गेली, बांध गेलं तरी दगड कुठं जातोय, असं म्हणले व्हते."

 वहिनीचं लक्ष तवर टेबलाकडं गेलेलं. ती एकेक दगड बघत पुढं सरकली, चांगल्या डोळ्याच्या बाजूनं मान वाकडी करून. चौदा नंबरपाशी थांबली. कडेची दोन भोकं, एक फुटलेलं.

"हीच," ती म्हणली. "लग्नाच्या साली खुंट्याचं भोक फुटलं, म्हणून वडारणीकडनं शेजारी दुसरं पाडून घेतलेलं." तिनं तळहात दगडावर ठेवला आणि कितीतरी वेळ काढला न्हाई.

मी त्या जात्याचं दळलेलं खाऊन वाढलो. तरी ओळखलं न्हाई. जात्यावर बायका बसायच्या, मी कशाला बघतोय. आणि तवाच मला आण्यावरनं परत आलो तो दिवस आठवला. घरात गिरणीचं पीठ बघून मी वहिनीला म्हणलं व्हतं, "काय वहिनी, लई शेठाणी झालात, दळायचा कंटाळा आला व्हय?" ती भाकरी थापत राहिली. मला वाटलं, चांगला टोला बसला. अर्धं जातं कुठं गेलं, हे विचारायची अक्कल तवाबी नव्हती मला.

पीयूष धावत आला. त्यानं वहिनीला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "आजी, काळजी करू नका. जागा हरवलेली नाही. हे बघा, कार्डावर आहे. चौदा नंबर. ओढ्याच्या उजव्या अंगाला, वडाच्या बुंध्यापासून चाळीस पावलं."

"उजव्या अंगाला?" वहिनी म्हणली. "आणि मी डाव्या अंगाला जास्त हुडकत बसले." ती हसली. दादा गेल्यापासनं मी तिला तशी हसलेली बघितली नव्हती. तिनं पीयूषच्या गालावरनं हात उतरवून बोटं कानशिलावर मोडली. मग माझ्याकडं वळली. "भावजी, तुमी लिवून ठेवलंत. मला वाटायचं, तुमाला कशाचं काही न्हाई."

तिथल्या तिथं सांगायला पाहिजे व्हतं. मी म्हणलं, "चला."

दगड पीयूषनंच उचलला, ट्रॉलीत ठेवू दिला न्हाई. आमी तिघं वढ्यात उतरलो. पुढं मी, मधे माझ्या खांद्याचा आधार घेत वहिनी, मागं तो. काठाचा गाळ वाळून भेगा पडलेला, जिथं बघाल तिथं सारखाच. वडाचा बुंधा आला. तिथनं मी पावलं मोजायला लागलो. मोठ्यानं मोजत व्हतो, कारण वहिनी माझ्याबरोबर मोजत व्हती. एकोणचाळीस. चाळीस.

तिनं पिशवी उघडली. हळद, कुंकू, बाटलीत दूध, कागदाच्या पुडीत हिरव्या बांगड्या, माझ्या अंगठ्यात जेमतेम जातील एवढ्या. आणि पदर सावरून, माझ्या हाताला धरून ती खाली बसायला लागली.

"वहिनी, थांबा," मी म्हणलं.

ती अर्धवट वाकलेली तशीच राहिली.

"हितनं न्हाई उचलला तो. म्हणजे, हितनंच असंलबी. मला ठाऊक न्हाई. मी बघितलंच न्हाई कुठनं उचलतोय. वहीतलं सगळं मी घरी बसून लिवलं, खोटं."

पीयूष दगड पोटाशी धरून उभा व्हता. त्याला तो खाली ठेवता येईना, कारण कुठं ठेवायचा ते कळंना.

"कशापायी?" वहिनीनं विचारलं.

"गंमत." माझ्या तोंडातनं तो शब्द बाहेर पडला तवा मलाच माझी किळस आली. "याला हसायचं व्हतं."

ती शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती हळूच सरळ झाली, एका डोळ्यानं तिनं वढ्याच्या या टोकापासनं त्या टोकापर्यंत बघितलं, बांगड्यांची पुडी पुन्हा मुठीत घट्ट केली.

"भावजी, तुमाला सगळं माहीत असतं," ती म्हणली. आवाज चढवला न्हाई. "मग सांगा, आता मी बसू कुठं?"

ती काठीविना उभी व्हती, आणि मला कुठंच बोट दाखवता येत नव्हतं.